भांडणाची गाठ सोडवावी कशी?

घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच. भावाभावांत लागते, जावाजावांत लागते, सासूसुनेत लागते. शेतावर लागते, कारखान्यात लागते. जिथे कधीच भांडण झाले नाही असे घर शोधून सापडायचे नाही. तेव्हा भांडण झाले म्हणून कुणी लाजायला नको.

पण झालेले भांडण मिटवता आले पाहिजे. काही माणसे म्हणतात, "अहो, तो ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. आमचा स्वभावच तापट, त्याला काय करणार?" हे काही खरे नाही. तुम्ही अक्षरे शिकलात. पहिल्या दिवशी 'क' काढताना हात कापला असेल. आज तुम्ही हे पान वाचता आहात. भांडण मिटवणे हीसुद्धा तशीच शिकायची गोष्ट आहे. तिचीही एक बाराखडी आहे. ती आज आपण पाहू.

विहिरीचे पाणी

एका गावात दोन भाऊ होते. जमिनीची वाटणी झाली होती. विहीर मात्र सामाईक राहिली होती. विहिरीवर मोटर एकच. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. चार दिवस थोरल्याचे, चार दिवस धाकट्याचे. थोरल्याचा ऊस होता, धाकट्याचा कांदा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा यायची आणि एक आठवडा रात्री.

संक्रांत आठ दिवसांवर आली होती. धाकट्याने दीड एकर कांद्याची लागण केली. त्याच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी लागण संपली. ज्याने कांदा केला आहे त्याला ठाऊक आहे, की लागणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे पाणी द्यावे लागते. नाही दिले तर रोपे माना टाकतात. आणि हे दिवस नेमके थोरल्याच्या पाळीचे! आठवडाही रात्रीच्या लाईटीचा.

धाकट्याने भावाला विचारले नाही. रात्री लाईट आली तसा तो गेला, मोटर चालू केली आणि पाणी कांद्याकडे वळवले. पहाटे थोरला उसाला पाणी द्यायला गेला. पाहतो तो काय? पाटातले पाणी दुसरीकडेच चाललेले.

"पाळी माझी. मोटरीला हात लावलासच कसा?"

"मग काय रोपं वाळू देऊ? दीड एकराची लागण आहे!"

"तुझं हे नेहमीचंच आहे. लहानपणापासून तू आपमतलबी."

"आणि दादा, तुम्ही? वाटणीत चांगला तुकडा कुणी घेतला, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

पाहा, विषय काय होता? एका रात्रीचे पाणी. चार वाक्यांत तो कुठे गेला? लहानपणापर्यंत गेला आणि जमिनीच्या वाटणीपर्यंत गेला. शब्दाने शब्द वाढतो तो असा.

त्या दिवशी थोरल्याने स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावले. धाकट्याने तालुक्याला जाऊन वकिलाची चौकशी केली. दोघी जावा बोलेनाशा झाल्या. पोरे एका अंगणात खेळत होती, त्यांनाही घरात ओढले. ती बिचारी दारातून एकमेकांकडे पाहत बसली.

संक्रांतीला त्यांची आत्या आली. तिने दोघांचे तोंड पाहिले आणि काय झाले ते ओळखले. पण तिने न्याय करायला घेतला नाही. 'हा बरोबर, तो चूक' असे ती बोललीच नाही. तिने धाकट्याला एका बाजूला घेतले आणि एकच गोष्ट विचारली.

"तुझी नेमकी अडचण काय आहे, ती मला सांग."

धाकटा म्हणाला, "आत्या, मला जास्तीचं पाणी नको. आंबवणीच्या दिवशी सहा तास मोटर मिळाली, की माझं भागलं."

मग तिने थोरल्याला विचारले. थोरला आधी म्हणाला, "पाळी माझी आहे, बस्स!" आत्या गप्प बसून राहिली. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आत्या, रात्रीचं दारं धरणं आता माझ्यानं होत नाही. डोळ्यांनी नीट दिसत नाही. मागच्या साली पायाखालनं जनावर गेलं. म्हणून मी पहाटे जातो. रात्रीचं पाणी वाया जातं हे मलाही कळतं. पण सांगायचं कुणाला?"

मग काय, गाठ कुठे बसली आहे ते दिसले. धाकट्याला एका ठराविक दिवशी पाणी हवे होते. थोरल्याला रात्रीच्या कामातून सुटका हवी होती. असे ठरले, की रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात दोघांचेही दारे धाकट्याने धरावे. आधी दादाच्या उसाला पाणी, मग आपले. त्याबदली लागणीच्या दिवसांत थोरल्याने आपल्या पाळीतले सहा तास द्यावे. वीजबिल तासांच्या हिशोबाने वाटून घ्यावे. कुलूप निघाले. मुले पुन्हा एका अंगणात आली.

आता विचार करा. विहिरीत एक थेंबही पाणी वाढले नव्हते. तरी दोघांना पुरले.

हट्ट आणि अडचण

या गोष्टीत आपल्या बाराखडीचे पहिले अक्षर आहे. ते असे : हट्ट निराळा आणि अडचण निराळी.

'पाळी माझी' हा हट्ट झाला. 'रात्री दिसत नाही' ही अडचण झाली. 'पाणी आत्ताच्या आत्ता हवे' हा हट्ट. 'आंबवणी चुकली तर रोपे जातील' ही अडचण.

हट्टाला उत्तरे दोनच असतात, हो किंवा नाही. म्हणून दोन हट्ट समोरासमोर आले की टक्कर होते. अडचणीला मात्र अनेक उत्तरे असतात. एक नाही जमले तर दुसरे काढता येते. म्हणून भांडणात समोरचा काय मागतो एवढेच पाहू नये. तो ते का मागतो हे शोधावे.

आणि आपली अडचणही उघड सांगावी. थोरल्याने ती लपवून ठेवली होती. आपल्याला दिसत नाही हे धाकट्या भावाला सांगायची त्याला लाज वाटली. लाजेपोटी त्याने हट्ट पुढे केला. आपणही पुष्कळ वेळा असेच करतो, नाही का?

राग निवू द्या

दूध उतू जाऊ लागले की आपण काय करतो? आधी गॅस बारीक करतो. मग सांडलेले पुसायला घेतो. रागाचेही तसेच आहे.

राग आला की छाती धडधडते, आवाज चढतो, कान तापतात. त्या वेळी दुसऱ्याचे म्हणणे डोक्यात शिरतच नाही. अशा वेळी काढलेला शब्द पुढे वर्षानुवर्षे सलतो. जिभेला हाड नसते, पण ती हाड मोडण्याइतकी इजा करते.

म्हणून राग अनावर झाला तर तिथून उठावे. पण नुसते तणतणत निघून जाऊ नये. तसे केले तर समोरच्याला वाटते, याने आपल्याला झिडकारले. जाताना सांगून जावे, "आत्ता मला राग आलाय. संध्याकाळी जेवणं झाल्यावर आपण बोलू." आणि संध्याकाळी खरोखरच बोलावे. नाहीतर ती टाळाटाळ होते. मनात साठवलेला राग सुकत नाही, तो आतल्या आत कुजतो.

दारू प्यायलेल्या माणसाशी त्या वेळी वाद घालूच नये. त्याच्याशी बोलायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तसेच उपाशीपोटी, कामावरून दमून आल्या आल्या किंवा पाहुण्यांसमोर भांडणाचा विषय काढू नये. योग्य वेळ साधली की निम्मे काम झाले.

ऐकायचे कसे?

आपल्याला वाटते, ऐकणे म्हणजे गप्प बसणे. पण पुष्कळदा आपण गप्प बसून मनात उत्तर जुळवत असतो. ते काही ऐकणे नव्हे.

नीट ऐकायची एक सोपी रीत आहे. समोरचा बोलून झाला की त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्यालाच सांगावे. "म्हणजे तुझं म्हणणं असं, की पैसे दिल्याचा राग नाही, पण मी तुला न विचारता दिले म्हणून राग आहे. बरोबर?" तो म्हणेल, "हो, बरोबर." किंवा म्हणेल, "नाही, तसं नाही." दोन्हीने फायदाच आहे. बरोबर असेल तर त्याला वाटते, 'चला, याला माझे म्हणणे कळले तरी.' एवढ्यानेच अर्धा राग उतरतो. चूक असेल तर तो नीट सांगतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. म्हणणे समजले याचा अर्थ ते मान्य केले असा नव्हे. आधी समजून घ्यावे, मान्य-अमान्य नंतर बघावे.

बोलायचे कसे?

सून कामाला जाऊ लागली. सकाळी आठला जाते, संध्याकाळी सहाला येते. एके दिवशी पाहुणे आले होते. सासूबाई त्यांच्यासमोर म्हणाल्या, "आमच्या घरात आता गरम भाकरी दिवाळी-दसऱ्यालाच मिळते." सुनेला ते लागले.

आता सून दोन तऱ्हांनी बोलू शकते. पहिली तऱ्हा अशी : "आई, तुम्ही नेहमीच मला टोचून बोलता. तुम्हाला माझं काहीच चांगलं दिसत नाही."

यावर सासूबाई काय म्हणतील? "नेहमीच? कधी बोलले मी? परवा तुझं कौतुक केलं ते विसरलीस वाटतं?" झाले. भाकरी राहिली बाजूला आणि 'नेहमीच' या शब्दावर नवे भांडण सुरू झाले.

दुसरी तऱ्हा अशी : "आई, काल पाहुण्यांसमोर तुम्ही भाकरीवरून बोललात. मला फार वाईट वाटलं. माझं काही चुकलं तर मला एकटीला सांगा. मी ऐकेन."

या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. काय घडले ते सांगितले. आपल्याला काय वाटले ते सांगितले. आणि पुढे काय व्हावे ते सांगितले. समोरच्याच्या स्वभावावर बोट ठेवले नाही. 'नेहमीच', 'कधीच', 'सगळेच' हे शब्द वापरले नाहीत. हे तीन शब्द म्हणजे भांडणातले सरपण आहे.

कदाचित सासूबाईही मग आपली अडचण सांगतील. "अगं, तू गेलीस की दिवसभर घर खायला उठतं. गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नाही. कुणाला माझी गरजच उरली नाही असं वाटतं." पाहा, भाकरीच्या पाठीमागे केवढी गोष्ट लपली होती! अशा अडचणीवर नुसती गरम भाकरी हा उपाय नाही. संध्याकाळी कामाची वाटणी करून दोघींनी जवळ बसावे, दोन शब्द बोलावे, हा त्यावर उपाय आहे. आणि घरातल्या पुरुषांनीही स्वयंपाकाला हात लावावा. भाकरी थापल्याने कुणाची मिशी खाली येत नाही.

या भांडणात नवऱ्याने काय करावे? त्याने निरोप्या होऊ नये. आईचे बोलणे बायकोला आणि बायकोचे आईला सांगत बसला, तर दोन्हीकडे तेल ओतल्यासारखे होते. त्याने दोघींना समोरासमोर बसवावे आणि आपण त्यांचे ऐकावे.

कामाच्या ठिकाणी

कारखान्यात किंवा दुकानात माणसे आपण निवडलेली नसतात. तरी रोज आठ-आठ तास बरोबर काढायचे असतात. तिथेही हीच बाराखडी उपयोगी पडते.

समजा, एका कारखान्यात माल बांधण्याच्या खात्यात दोघी बाया आहेत. पहिलीची पाळी तीनला संपते. दुसरी तीनला यायला हवी, ती सव्वातीनला येते. ती आल्याशिवाय पहिलीला टेबल सोडता येत नाही. सव्वातीनची एस.टी. चुकते. पुढची गाडी पाचला. मूल शेजारणीकडे. पहिलीला वाटते, 'ही मुद्दाम उशीर करते.' ती चार बायकांत बोलते, "आळशी आहे मेली." बोलणे दुसरीच्या कानावर जाते. दोघी तोंड फिरवतात.

पाठीमागे बोलण्याऐवजी पहिलीने सरळ जाऊन विचारले तर? "बाई, तू सव्वातीनला येतेस. माझी एस.टी. चुकते आणि दोन तास इथेच जातात. तुला काय अडचण आहे?" तेव्हा कळते, की दुसरीच्या मुलाची शाळा पावणेतीनला सुटते. त्याला घरी सोडून ती धावतपळत येते.

आता त्या दोघी मिळून मुकादमाकडे जाऊ शकतात. "साहेब, ही सव्वातीनला येईल आणि रात्री पंधरा मिनिटं जास्त थांबेल. मधल्या वेळेला टेबलावर कुणाला तरी उभं करा." मुकादम हो म्हणेलच असे नाही. पण एकमेकींची तक्रार घेऊन गेलेल्या दोघींना तो हाकलून देईल. एक तोडगा घेऊन बरोबर आलेल्या दोघींचे ऐकून घ्यायला तो तयार होईल.

वरिष्ठांशी गाऱ्हाणे असेल तेव्हाही असेच करावे. चारचौघांत आवाज चढवू नये. एकांतात वेळ मागावी. किती तारखेला काय झाले ते कागदावर लिहून न्यावे. 'मजुरी कमी दिली' असे मोघम म्हणू नये. 'या महिन्यात सव्वीस दिवस काम केले, चोवीस दिवसांचे पैसे मिळाले' असे सांगावे. आकड्याला आवाज चढवावा लागत नाही.

अहमदाबादची गोष्ट

दोघांची भांडणे मिटतात, पण हजारो माणसांचे भांडण असेल तर? १९१८ साली अहमदाबादच्या कापड गिरण्यांत असे भांडण झाले. ते समजून घेण्यासारखे आहे.

१९१७ साली त्या शहरात प्लेगची साथ आली होती. मजूर गाव सोडून जाऊ नयेत म्हणून मालकांनी जादा भत्ता दिला. साथ ओसरली, तसा मालकांनी तो बंद करायचे ठरवले. पण तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. महागाई फार वाढली होती. मजूर म्हणाले, पन्नास टक्के वाढ द्या. मालक म्हणाले, वीस टक्क्यांवर एक पैसा नाही.

या भांडणात एक विशेष गोष्ट होती. मालकांचे पुढारी होते अंबालाल साराभाई. आणि मजुरांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच थोरल्या भगिनी, अनसूयाबेन साराभाई. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला! मजुरांचे पुढारीपण गांधीजींनी घेतले.

गांधीजींनी आधी मजुरांची मागणी तपासली. महागाई किती, मजुरी किती, मुंबईत काय मिळते, मालकांना किती परवडेल, हे पाहिले. या कामात वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर त्यांच्याबरोबर होते. हिशोबाने पस्तीस टक्के वाढ योग्य ठरली. तेव्हा त्यांनी मजुरांना सांगितले, पन्नास नव्हे, पस्तीस मागा. म्हणजे समोरच्याला नमवण्याआधी त्यांनी आपल्याच माणसांचा हट्ट हिशोबावर घासून पाहिला.

२२ फेब्रुवारी १९१८ ला मालकांनी विणकरांना गिरणीचे दरवाजे बंद केले. मजुरांनी शपथ घेतली, की पस्तीस टक्के मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही. पण शपथेत आणखीही काही होते. दंगा करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, मालकांच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. साबरमतीच्या काठी एका बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे.

दिवस जाऊ लागले. घरातले दाणे संपले. मजुरांचा धीर सुटू लागला. तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपवास सुरू केला. तीन दिवसांनी, १८ मार्चला तडजोड झाली.

तडजोड कशी झाली ते पाहा. मजुरांची शपथ पस्तीसची होती. मालकांचा हेका वीसचा होता. दोघांनाही मागे जायची लाज वाटत होती. मग असे ठरले, की पहिल्या दिवशी पस्तीस टक्के द्यायचे. मजुरांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के. मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून मधला आकडा, साडेसत्तावीस टक्के. आणि कायमचा निर्णय पंचाने द्यायचा. आनंदशंकर ध्रुव या विद्वान प्राध्यापकांना पंच नेमले. त्यांनी पुढे पस्तीस टक्क्यांचा निवाडा दिला.

यातून आपण काय शिकावे? समोरच्याला मागे यायचे असेल, तर त्याला मानाने येता येईल अशी वाट ठेवावी. भिंतीला पाठ लागलेला माणूस सलोखा करत नाही, तो झगडतो. 'शेवटी आलास ना वळणावर!' असा टोमणा मारला, की मिटलेले भांडण पुन्हा पेटते.

आणखी एक गोष्ट. आपल्या उपवासामुळे मालकांवर दडपण आले, हा त्यातला दोष होता, असे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच कबूल केले आहे. 'मी रुसतो, मी जेवत नाही' असे म्हणून घरच्यांना वाकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुढे १९२० साली अहमदाबादला मजूर महाजन ही कामगारांची संघटना उभी राहिली. तंटा झाला तर आधी बोलणी, न जमल्यास पंच, ही तिची रीत होती.

तिसरा माणूस

दोघांचे आपापसात जमत नसेल तर तिसऱ्याला बोलवावे. पण तिसरा कसा असावा? तो दोघांनाही मान्य असावा. त्याचा त्यात स्वार्थ नसावा. ऐकलेले त्याने गावभर करू नये. विहिरीच्या गोष्टीतली आत्या अशीच होती.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले तंटे गावातच, सामोपचाराने मिटावे हा तिचा हेतू. तुमच्या गावात तंटामुक्त समिती काम करत असेल, तर तिच्याकडे जाता येते.

कोर्टात गेलेले भांडणही समजुतीने मिटवता येते. त्यासाठी लोकअदालत असते. तिथे दोघांच्या संमतीनेच निकाल होतो. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निकालावर अपील नसते. म्हणून सही करण्याआधी कागदाची प्रत्येक ओळ वाचा. न समजलेली ओळ विचारा. अंगठा उठवायचे दिवस आता आपले गेले. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही कायद्याचा सल्ला मिळतो.

आणि जी गोष्ट मोजून कळते तिच्यावर भांडत बसू नये. बांध कोणी सरकवला यावर पिढ्यान्‌ पिढ्या वैर चालते. त्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी आणावी. साखळीला आणि यंत्राला ना मामा, ना काका.

ठरले ते लिहून ठेवा

समेट झाला की सगळे खुशीत असतात. 'आता कशाला लिहायचं? आपण काय परके आहोत?' असे म्हणतात. पण सहा महिन्यांनी एक म्हणतो, सहा तास ठरले होते. दुसरा म्हणतो, चार. दोघेही खोटे बोलत नसतात. माणसाला विसर पडतो.

म्हणून वहीत लिहावे. काय ठरले, कोण काय करणार, केव्हापासून, अडचण आली तर पुन्हा कधी बसायचे. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. जमिनीची, घराची वाटणी असेल तर मात्र वहीतला कागद पुरत नाही. त्याची रीतसर नोंदणी करावी लागते.

इथे तडजोड नाही

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक गोष्ट 'घरातलं भांडण' नसते.

नवरा बायकोला मारतो, हे भांडण नव्हे. हुंड्यासाठी छळ, मुलांवर अत्याचार, जातीवरून अपमान, कामावर बाईच्या अंगचटीला जाणे, ही भांडणे नव्हेत. हे गुन्हे आहेत. इथे 'थोडं तू सोड, थोडं तो सोडेल' असे सांगणे म्हणजे मार खाणाऱ्यालाच आणखी दाबणे आहे. समेट बरोबरीच्या माणसांत होतो. एक भीत असेल आणि दुसरा भीती घालत असेल, तर तो समेट नव्हे.

घरात होणाऱ्या छळापासून बाईला संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. मदतीसाठी बायकांनी १८१ क्रमांक फिरवावा. जिवावर बेतले असेल तर ११२. शेजाऱ्यांनीही 'आपल्याला काय करायचंय' म्हणून दार लावून घेऊ नये.

पंचांनाही मर्यादा आहे. कुटुंबाला वाळीत टाकण्याचा अधिकार कुठल्याही जातपंचायतीला नाही. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे.

शेवटचे दोन शब्द

ही सगळी बाराखडी एका दिवसात येणार नाही. पहिल्यांदा चुकेल. बोलता बोलता 'नेहमीच' हा शब्द तोंडातून जाईल. हरकत नाही. खोडायचे आणि पुन्हा लिहायचे. एकदम मोठ्या भांडणाला हात घालू नका. घरातले एखादे बारीकसे भांडण घ्या. टीव्हीवर काय लावायचे, सकाळी मोरीत आधी कोण जाणार, असे. त्यावर ही रीत करून पाहा.

लक्षात ठेवा :
राग निवल्यावर बोला.
आधी ऐका, मग सांगा.
घडले तेवढेच बोला, स्वभाव काढू नका.
हट्ट सोडा, अडचण शोधा.
समोरच्याला मानाने मागे येऊ द्या.
ठरले ते लिहून ठेवा.
मारहाण सोसू नका, मदत मागा.

आता स्वतःला विचारा :
१. गेल्या महिन्यात तुमचे कुणाशी भांडण झाले? तुमचा हट्ट कोणता होता? तुमची अडचण कोणती होती?
२. समोरच्याची अडचण काय असेल? तुम्ही त्याला ती विचारली होती का?
३. आज संध्याकाळी जाऊन विचारायचे असेल, तर पहिले वाक्य कोणते बोलाल? ते वहीत लिहून काढा.